कातळ, पाणी आणि वाट: मावळच्या डोंगरांनी शिकवलेलं

पुण्याहून लोकल पकडली की तास-सव्वा तासात माणूस मळवलीला उतरतो. स्टेशनाबाहेर आलं की लोहगड आणि विसापूर समोर उभे. हरिश्चंद्रगडाला किंवा रतनगडाला जायचं ठरलं तर लोक आठवडाभर आधी तयारीला लागतात, माहितगार शोधतात, घरी सांगून निघतात. मावळात मात्र चपला घालून आणि पाण्याची अर्धी बाटली हातात धरून गड चढणारी माणसं मी दर शनिवार-रविवारी पाहते. लोकल गाठून जाता येतं म्हणून डोंगरही सोपाच असणार, असं त्यांना वाटतं. या डोंगरांबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

मी तळेगाव दाभाड्यात राहते. गो. नी. दांडेकरांनी याच गावात राहून दुर्गांवर लिहिलं आणि कितीतरी पिढ्यांना गडांची वाट दाखवली. गेली बरीच वर्षं मी शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना घेऊन पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत फिरते आहे. कधी राजमाची, कधी बेडसे, कधी तिकोना, कधी नुसतीच एखादी घाटवाट. या भटकंतीतून जे पक्कं झालं ते इथे सांगते आहे. पहिल्यांदा डोंगरात निघालेल्यांना आणि आपल्या मुलांना डोंगरात पाठवणाऱ्यांना याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

1. आधी कातळ ओळखा

सह्याद्रीचा हा भाग लाव्हाच्या थरांनी बनला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, दूरवर पसरला आणि थिजला. काही काळाने पुन्हा आला आणि आधीच्या थरावर पसरला. असं कितीतरी वेळा झालं. त्यामुळे इथला डोंगर टप्प्याटप्प्याने चढत जातो. घट्ट बेसॉल्टचा उभा कडा, त्याच्यावर लवकर झिजणाऱ्या थराचा उतार, मग पुन्हा कडा. उतारावर माती टिकते, मातीत झाडी वाढते. कड्याच्या पोटाशी असलेल्या या झाडीच्या पट्ट्याला पदर म्हणतात.

हे ध्यानात आलं की वाटेचं वागणं कळायला लागतं. वाट पदरातून आडवी जाते आणि जिथे कडा तुटलेला असतो, नाळ म्हणजे अरुंद उभी घळ पडलेली असते किंवा डोंगराची सोंड खाली उतरलेली असते, तिथूनच वर चढते. समोर सलग कडा दिसत असताना पायाखालची वाट सरळ त्याच्याच दिशेने निघाली असेल तर थांबून विचार करायचा. बहुधा ती गुरांची वाट असते, नाहीतर पावसाच्या पाण्याने पाडलेली घळ.

थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी तांबडा पट्टा दिसतो. एक लाव्हा थिजल्यानंतर पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला, तेवढ्या काळात वरचा खडक कुजून त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. खंडाळ्याच्या घाटात जिथे डोंगर कापला आहे तिथे नीट पाहिलं तर हा पट्टा ओळखता येतो. मुलांना मी तो हात लावून पाहायला सांगते. दोन लाव्हांच्या मधला काळ असा बोटाखाली आला की पुस्तकातले कोटींचे आकडे त्यांना जवळचे वाटायला लागतात.

लोणावळ्याहून सालतरच्या बाजूने गेलं की तैलबैला लागतो. डोंगराच्या माथ्यावर कातळाच्या दोन उभ्या भिंती, मधे खिंड. लाव्हा उभ्या भेगेत शिरून तिथेच थिजला, आजूबाजूच्या खडकापेक्षा टणक झाला आणि भोवतालचा डोंगर झिजून गेला तरी उभा राहिला. भूशास्त्रात अशा रचनेला डाइक म्हणतात. तैलबैल्याच्या भिंती पाहिलेला माणूस पुढे प्रत्येक सुळक्यापाशी विचारतो, हा इथे का उरला? हा प्रश्न पडायला लागला की फिरणं नुसतं पाय चालवण्यापुरतं राहत नाही.

2. लेणी घाईत पाहू नका

भाजे, कार्ले आणि बेडसे ही तिन्ही लेणी याच कातळात आहेत, तरी लोहगडाला निघालेले बहुतेक गट भाज्याच्या पायऱ्या खालीच सोडून पुढे जातात. तिथे किमान एक तास द्या. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून कोरलेली बावीस लेणी भाज्याला आहेत. चैत्यगृहाचे खांब आत कललेले दिसतात, कारण कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी सभागृह होतं आणि त्याचंच रूप ते दगडात उतरवत होते. कार्ल्याचं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं, सुमारे 45 मीटर लांब. त्याच्या छताला बसवलेल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षं टिकल्या आहेत.

ही लेणी इथेच का, याचं उत्तर नकाशात सापडतं. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतून देशावर येणारा माल बोरघाटाच्या परिसरातून वर चढायचा. वाटेवर भिक्षूंना पावसाळ्यात राहायला जागा हवी होती आणि व्यापाऱ्यांकडे दान करायला पैसा होता. कार्ल्याच्या एका लेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं अभिमानाने नोंदवलं आहे. आत उभं राहिल्यावर त्याचं म्हणणं पटतं.

वेळेचंही ध्यान ठेवावं. बेडसे पूर्वेकडे तोंड करून आहे, तिथे सकाळी लवकर पोहोचलं तर ऊन थेट आत येतं आणि खांबांच्या माथ्यावरचे प्राणी आणि युगुलं उजळून निघतात. भाजे आणि कार्ले पश्चिमेकडे उघडतात, ती दुपारनंतर पाहावीत. कोरीव कामावर हात फिरवू नये, आणि भिंतीवर नाव कोरणारा कुणी दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवावं. गप्प राहणाऱ्याचाही त्या नुकसानीत वाटा असतो.

3. गडाची बांधणी समजून घेत चढा

लोहगडाला गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकापाठोपाठ आहेत. वाट नागमोडी आहे आणि प्रत्येक वळण वरच्या तटाच्या माऱ्यात आहे. मी मुलांना एका वळणावर उभं करते आणि विचारते, "तुम्ही हल्ला करायला आला आहात. आता वर पाहा. तुम्हाला कोण कोण पाहतंय?" मुलं वर पाहतात आणि एकदम शांत होतात. गड कसा लढत असेल, हे त्यानंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गडावरून सुमारे दीड किलोमीटर लांब, चिंचोळी माची पुढे गेली आहे, ती विंचूकाटा. लक्ष्मी कोठी आहे, पाण्याची टाकी आहेत, नाना फडणवीसांनी बांधून घेतलेलं मोठं तळंही आहे. 1665 च्या पुरंदरच्या तहात लोहगड मोगलांना द्यावा लागला आणि 1670 मध्ये तो स्वराज्यात परत आला. शेजारचा विसापूर त्याच्याहून थोडा उंच, आणि तेवढी उंची निर्णायक ठरली. मार्च 1818 मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला. तिथे त्यांच्या तोफा चढल्यावर लोहगड टिकणं शक्य नव्हतं. गडावरून विसापूरकडे पाहिलं की हा सगळा डाव डोळ्यांनीच समजतो.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचं स्थान मिळालं, त्यात लोहगड आहे. या मानामुळे आणखी माणसं येणार. येणाऱ्याला गड समजला, तरच त्या येण्याचा गडाला उपयोग आहे.

4. ज्या ओढ्याचा उगम दिसत नाही, त्यात उतरू नका

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात साधारण सातशे. अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचं. तळेगावात ऊन पडलेलं असताना घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो, ही आमच्याकडची नेहमीची गोष्ट आहे. पुण्यातलं आभाळ पाहून मावळातल्या ओढ्याचा अंदाज बांधता येत नाही.

त्यात हा कातळ पाणी फारसं जिरवत नाही. पावसाळा सुरू होऊन माती भिजली की पुढचं पाणी थेट घळींत उतरतं आणि घोट्याएवढा ओढा काही मिनिटांत कमरेएवढा होतो. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाच्या मागच्या बाजूला धबधब्यात थांबलेल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. वर पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, म्हणून मी मुलांना एकच नियम देते: ज्या प्रवाहाचा उगम तुम्हाला दिसत नाही, त्याच्या मधोमध उभं राहायचं नाही. पाणी एकदम गढूळ झालं, वाहून आलेला पालापाचोळा आणि काटक्या दिसायला लागल्या किंवा पाण्याचा आवाज बदलला तर वस्तू गोळा करत बसायचं नाही. जवळच्या काठावर आणि तिथून उंचावर जायचं. पलीकडच्या काठावर राहिलेले सोबती पाणी ओसरेपर्यंत पलीकडेच थांबतील.

विसापूरला भाज्याच्या बाजूने चढणारी जुन्या पायऱ्यांची वाट पावसाळ्यात धबधब्यासारखी वाहते आणि तिचे फोटो पाहून गर्दी लोटते. जोराचा पाऊस असेल तर तिथे जाऊ नये. पाणी ओसरल्यावर, पावसाळ्याच्या शेवटी तीच वाट सुरेख असते.

इंदोरीजवळच्या कुंडमळ्याला इंद्रायणीने कातळात रांजणखळगे पाडले आहेत. प्रवाहात अडकलेले दगडगोटे वर्षानुवर्षं गोल फिरत राहतात आणि खडकाला भोक पाडतात. जे पाणी बेसॉल्ट कोरतं, त्याच्यापुढे माणसाच्या पायांचा निभाव लागणार नाही, हे तिथे काठावरून पाहूनही समजतं. याच ठिकाणी 15 जून 2025 ला जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. जुन्या पुलावर, साकवावर गर्दी दिसली तर आपण अलीकडेच थांबावं.

5. वाट विचारा, आणि नीट विचारा

फेब्रुवारी 1661 मध्ये कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याचा घाट उतरून कोकणात निघाला. खाली उंबरखिंडीत, दाट झाडीत आणि अरुंद वाटेवर शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी त्याला कोंडलं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. फौज मोठी होती, पण जंगल तिच्या ओळखीचं नव्हतं. शेवटी खानाला शरण यावं लागलं. इथली वाट कुणाला ठाऊक आहे, यावर त्या दिवशी सगळं ठरलं.

आजही वाट ठाऊक असते ती उधेवाडीच्या, कुरवंड्याच्या, जांभिवलीच्या माणसांना. गावात शिरल्यावर आधी रामराम करावा, चार शब्द बोलावे, मग वाटेचं विचारावं. गाडीच्या खिडकीतून "ओ, किल्ला कुठे?" असं ओरडणाऱ्याला उत्तरही तेवढंच तुटक मिळतं.

आणि "किती लांब आहे?" हे विचारून फारसं हाती लागत नाही. रोज डोंगर चढणारा माणूस "हे काय, हितंच" म्हणतो आणि त्याचं हितंच आपल्याला दीड तास पुरतं. त्यापेक्षा वाटेत काय काय लागतं ते विचारावं. ढाकच्या डोंगराच्या पायथ्याशी, जांभिवलीत एका आजींना मी विचारलं होतं, "आजी, ढाकच्या वाटेला काय काय लागतं?" त्यांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं, "आदी कोंडेसराचं देऊळ. मंग वढा. वढ्याच्या पल्याड दोन वाटा फुटत्यात, डावीनं गेलं की रानात जातीस. उजवी धर." ओढा, देऊळ, फुटणारी वाट आणि कोणती टाळायची तेही. इतकं नेमकं सांगणारा नकाशा मला अजून मिळालेला नाही.

अवघड वाट असेल तर गावातला माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्यावा आणि त्याच्या दिवसाची मजुरी आधी ठरवून पूर्ण द्यावी. घासाघीस करू नये.

6. वाट चुकली तर थांबा, ओढ्याने खाली उतरू नका

ढोरवाटा आणि माणसांची वाट यांतला फरक शिकायला वेळ लागतो. गुरं चरत चरत जातात, त्यामुळे ढोरवाट पुढे फाटत जाते, बारीक होते आणि झुडपात विरते. झुडपाच्या उंचीपर्यंत मोकळी असते, पण डोक्याच्या पातळीवर फांद्या तोंडाला लागायला लागतात. माणसांच्या वाटेवर फांद्या तोडलेल्या असतात, दगड पायांनी गुळगुळीत झालेले असतात, कुठे कुठे दगडांवर दगड रचलेली खूण असते. दहा मिनिटांत यांतलं काही दिसलं नाही तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यायचं.

चुकलेला माणूस बहुधा एकच विचार करतो: पाण्याच्या कडेने खाली उतरलो की गाव लागेल. सपाटीवर हे खरं असेल. लोणावळ्याच्या पश्चिमेला डोंगर एकदम तुटतो आणि कोकणात कोसळतो. तिथला ओढा तुम्हाला कड्याच्या ओठावर नेऊन सोडतो, आणि निसरड्या टप्प्यांवरून उडी मारून उतरलेला माणूस पुन्हा वर चढू शकत नाही. मे 2022 मध्ये नागफणीच्या परिसरात एकटा गेलेला, परप्रांतातून आलेला एक तरुण अभियंता असाच वाट चुकला. त्याने फोनवरून तसं कळवलंही होतं. अनेक पथकांनी जंगल पालथं घातलं, पण काही दिवसांनी दरीत त्याचा मृतदेहच हाती लागला. गावाच्या इतक्या जवळ, महामार्गाचा आवाज येईल अशा रानात हे घडू शकतं.

म्हणून एकट्याने जायचं नाही. कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी लिहून ठेवायचं. वाट चुकल्याचं नक्की झालं की मोकळ्या, उंच जागी थांबायचं, फोनची बॅटरी राखायची, 112 ला फोन करायचा आणि आपलं लोकेशन पाठवायचं. लोणावळ्यातली शिवदुर्ग मित्र ही संस्था अशा वेळी रात्री-अपरात्री, भर पावसात दरीत उतरते. तिथली मुलं आपापली कामंधामं सांभाळून हे करतात. त्यांना शोधायला सोपं जावं म्हणून एका जागी थांबून राहणं, हे चुकलेल्या माणसाचं पहिलं काम आहे.

7. परत फिरता येणं ही डोंगरातली सगळ्यात मोठी लायकी

ढाकच्या बहिरीची वाट मावळातल्या सगळ्यात अवघड वाटांपैकी एक आहे. कळकरायचा सुळका आणि ढाकचा डोंगर यांच्या मधली अरुंद नाळ उतरायची, मग कड्याच्या पोटातून आडवं जायचं आणि शेवटी कातळात खोदलेल्या खोबण्या आणि दोर यांच्या आधाराने गुहेपर्यंत चढायचं. पाठीमागे खोल दरी. पाय थरथरायला लागले तर तिथे सावरायला जागा नाही.

गुहेत बहिरी देवाचं ठाणं आहे, पाण्याचं टाकं आहे आणि गावकऱ्यांनी ठेवलेली भांडीकुंडी आहेत. कुणीही यावं, स्वयंपाक करावा, भांडी घासून जागच्या जागी ठेवावी, असा रिवाज आहे. भांडी न्यायची नाहीत, हे देवाच्या धाकाने आणि माणसाच्या लाजेने आजवर पाळलं गेलं आहे.

अशा वाटेला पावसाळ्यात जाऊच नये. इतर वेळीही अनुभवी सोबत आणि स्वतःचा तपासलेला दोर हवा. तिथे आधीपासून लटकत असलेल्या दोराने किती उन्हाळे-पावसाळे काढले, हे आपल्याला ठाऊक नसतं. आमच्या गटात कुणी "मला भीती वाटतेय" म्हटलं की त्याला समजावत, चिडवत पुढे ढकलायचं नाही, त्याच्यासोबत एकाने थांबायचं, हा नियम आहे. माझ्यासोबतची एक मुलगी कातळटप्प्याखालून परत फिरली होती. वर्षभर छोट्या टप्प्यांवर सराव करून ती पुन्हा आली आणि शांतपणे चढली. डोंगर जागचा हलत नाही, त्याच्याकडे पुन्हा येता येतं.

8. रान आपलं घर नाही, तिथे पाहुण्यासारखं वागा

मे महिन्याच्या अखेरीला, पहिल्या पावसाच्या आसपास राजमाचीच्या रानात काजवे चमकतात. एकेक झाड उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. हा प्रकाश म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेली हाक असते आणि प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्याच दिवसांचं. त्या मोजक्या रात्रींत गाड्यांचे दिवे, टॉर्च आणि मोबाइलचे फ्लॅश यांनी अंधार फोडला तर ती हाक पोहोचत नाही आणि पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात. काजवे पाहायला जायचं तर दिवे बंद ठेवून, वाटेवरच उभं राहून, गवतात न शिरता पाहावं. बाटलीत भरून घरी आणणं हा तर गुन्हाच मानावा.

कातळकड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर, भडक अत्तर आणि आरडाओरडा यांनी आग्या माशा उठतात आणि झुंडीने तुटून पडतात. कड्याखाली चूल पेटवायची नाही, स्पीकर लावायचा नाही. माशा उठल्याच तर डोकं आणि तोंड झाकून जमेल तितक्या लवकर लांब जायचं. मात्र कड्याच्या काठावर धावायचं नाही.

फुरसं, घोणस, नाग आणि मण्यार हे चारही विषारी साप इथे आहेत. दगडाच्या फटीत हात घालण्याआधी पाहावं, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये. दंश झालाच तर जखम चिरू नये, दोरी करकचून बांधू नये, माणसाला धीर देऊन कमीत कमी हलवत सरकारी रुग्णालयात न्यावं. तिथे प्रतिविष मिळतं.

आणि डोळे उघडे ठेवले तर रान भरभरून देतं. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, जिच्या काठ्यांनी इथल्या घरांच्या कुडाच्या भिंती बांधल्या गेल्या. पावसाळ्याच्या पहाटे ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तूर. हे सगळं शांत चालणाऱ्यालाच ऐकू येतं आणि दिसतं.

9. पाणी, पायताण, वेळ

तीन गोष्टींत तडजोड करू नका. माणशी तीन लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. टाक्यातलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. खोल खाचांचे, घट्ट बसणारे बूट घालावेत, कारण इथे एकीकडे मुरमाड घसारा आणि दुसरीकडे शेवाळलेला कातळ असतो. आणि परत फिरण्याची वेळ निघतानाच ठरवावी. तोपर्यंत माथा आला नाही तरी मागे वळायचं. उतरायला चढण्याइतकाच वेळ धरावा, पाय थकलेले असतात आणि बहुतेक पडझड उतरतानाच होते. धुकं दाटलं तर सगळ्यांनी हाकेच्या अंतरात चालायचं आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचं.

10. गावाला आणि गडाला काहीतरी देऊन या

शहरातून सगळं खाणं बांधून न्यायचं आणि गावात फक्त कचरा ठेवून यायचं, हे बरं नाही. जेवण गावात सांगावं. पिठलं-भाकरी, ठेचा आणि मावळच्या भातखाचरांतला इंद्रायणी तांदूळ. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालं आणि आज महाराष्ट्रभर त्याचं नाव आहे. आपण ज्या बांधांवरून चालतो ती कुणाची तरी शेती आहे. लावणी झालेल्या खाचरात पाय पडू देऊ नये आणि कुंपणाच्या वाटेवरचा काढलेला आडणा परत लावूनच पुढे जावं.

आपला कचरा आपल्या सॅकमध्ये खाली आणणं ही सुरुवात झाली, तेवढ्यावर थांबू नये. गडांवर श्रमदान करणारे गट मावळात आहेत. लोहगड विसापूर विकास मंचासारख्या संस्थांच्या कार्यकर्त्यांनी सुटीच्या दिवशी घाम गाळून गडांची देखभाल केली आहे. वर्षातला एक रविवार त्यांच्यासोबत घालवा. गाळ उपसलेल्या टाक्यात कुणी कागदाचा बोळा टाकताना दिसला की जीव कळवळतो, कारण तो गाळ आपल्या हातांनी काढलेला असतो.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी शेवटी एक काम देते आणि तेच तुम्हालाही सुचवते. मावळातला एकच डोंगर निवडा. उन्हाळ्यात त्याचे उघडे थर पाहा, पावसाळ्यात त्याचं पाणी लांबून पाहा, हिवाळ्यात त्याच्या सगळ्या वाटा चाला. त्याच्या पायथ्याच्या गावातली चार माणसं नावाने ओळखा आणि त्यांनाही तुमचं नाव ठाऊक होऊ द्या. वर्षअखेरीला त्या डोंगरावर कुठे थांबायचं, कुठून परत फिरायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. उलट पहिल्यांदा आलेल्या अनोळखी माणसाला ते तुम्हीच सांगाल. मावळच्या डोंगरांना आज अशाच माणसांची गरज आहे.